येरमे बाईंचा पाहुणा

आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात हजेरी घेताना 'गैरहजर' हा शब्द न वापरणाऱ्या एकच बाई होत्या, भौतिकशास्त्राच्या येरमे बाई. नंबर पुकारला आणि उत्तर आलं नाही, की त्या मान वर करायच्या, शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "दिसला नाई." मग पेन्सिलीनं एक टिंब. तास संपताना पुन्हा एकदा वर्गाकडे पाहून त्या टिंबाचं काय करायचं ते ठरवायच्या. प्राचार्यांना हे टिंब सहन होत नसे. "बाई, पोरगा आहे की नाही, एक काय ते लिहा ना," असं ते एकदा वैतागून म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, मले तो दिसला नाई, एवढंच मले माहीत आहे. तो नाईच, हे मी कसं सांगू? खिडकीखाली बसून राह्यला असन." आणि गंमत म्हणजे त्या दिवशी तो पोरगा खरंच खिडकीखाली व्हरांड्यात बसून चिवडा खाताना सापडला.

हा फरक आमच्या भागात खरं तर कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मोहफुलं वेचायला जंगलात गेलेला माणूस परत येऊन "वाघ नाई" असं कधी म्हणत नाही. "दिसला नाई" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच जपून जातो. बाई त्याच जंगलातल्या. आलापल्लीहून मुलचेऱ्याच्या बाजूनं आत गेलं की सागाच्या राईत त्यांचं गाव आहे. आश्रमशाळेतून चंद्रपूर, तिथून नागपूर, मग मुंबई आणि मग थेट परदेशातली प्रयोगशाळा असा त्यांचा प्रवास. तो त्यांनी मला कधी नीट सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. इतका शिकलेला माणूस परत का आला, असं लोक विचारत. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "तिथी अंबाडीची भाजी भेटत नाई." आईला त्या गोंडीत यायो म्हणत. यायो थकली होती आणि गाव सोडायला तयार नव्हती, हे खरं कारण मला फार उशिरा कळलं.

बाईंना जाऊन आता दोन पावसाळे झाले. मी मराठी शिकवणारा माणूस, भद्रावतीच्या आयुधनिर्माणीच्या वसाहतीत वाढलेला; भौतिकशास्त्राशी माझा संबंध फार तर बल्ब बदलण्यापुरता. पण स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि घरंही एकाच गल्लीत. त्यामुळे बाईंच्या आयुष्यातली मोठी घटना मला अगदी जवळून पाहायला मिळाली. ती घडली म्हणावं की घडली नाही म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिसायला बाई साध्या. बुटक्या, सावळ्या, सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. प्रयोगशाळेत लोखंडी जाळीवरून चालायची सवय लागली होती, म्हणून बूट सुटले नाहीत असं त्या सांगत. त्यांची एक खोड होती. कुठल्याही खोलीत शिरल्या की खुर्चीवर बसण्याआधी खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन यायच्या. कपाटामागे डोकवायच्या. नव्यानं लागलेले शिक्षक घाबरायचे. त्यांना वाटायचं बाईंचं काही हरवलं आहे. माझ्या मुलीच्या लग्नात तर त्या स्टेजच्या मागे जाऊन आल्या आणि आचाऱ्याला सांगून आल्या की सिलेंडरच्या मागे कापडाचे गठ्ठे ठेवलेत ते काढा. आचाऱ्यानं ते निमूटपणे काढले.

दुसरी खोड चहाची. त्यांच्याकडे चहा प्यायला गेलं की कप हातात देताना त्या म्हणायच्या, "आधी सांगा, साखर बरोबर आहे का कमी आहे. मंग प्या."

"अहो, प्यायल्याशिवाय कसं सांगू?" मी म्हणायचो.

"मी साखर टाकताना पाह्यली ना तुमी. त्यावरून सांगा. एकदा चाखलं का मंग तुमी म्हणान, मले वाटलंच होतं."

हे खूळ नव्हतं, ही त्यांच्या धंद्याची रीत होती. ती मला कळली तेव्हा बाई मला पूर्णपणे कळल्या असं मला वाटलं. मला जसं कळलं तसं सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक त्वरक होता. प्रोटॉनला भयंकर वेग देणारं यंत्र. त्या वेगानं प्रोटॉन एका जाड धातूच्या ठोकळ्यावर आपटायचे. आपटल्यावर नाना प्रकारचे कण उडायचे आणि पुढच्या लोखंडाच्या जाडच जाड भिंतीत अडकून मरायचे. भिंतीच्या पलीकडे एक लांबलचक, आतून निर्वात केलेली नळी. माणूस आत उभा राहील एवढी मोठी. तिथं काही म्हणजे काहीच यायला नको. आणि तरी समजा, त्या रिकाम्या नळीच्या मधोमध कुठून तरी दोन रेघा उमटल्या, एकाच बिंदूतून निघालेल्या, तर त्याचा अर्थ असा की एवढी जाड भिंत ओलांडून कुणीतरी आलं होतं. कशालाही न धडकता, कुणाशीही न बोलता आलं आणि नळीत येऊन फुटलं. असा कण आजवर कुणी पाहिलेला नाही. पण विश्वातलं बरंचसं वजन कशाचं आहे हेच कळत नाही म्हणतात, त्या हिशेबात असा कुणीतरी असावा असं या लोकांना वाटतं.

"म्हणजे चोरच की," मी म्हणालो होतो.

"चोर नाई, पिंपळकर सर. चोर काई तरी घेऊन जाते. हा पाहुणा आहे. येते, अन् कोनालेच न भेटता चालला जाते."

पाहुणा हा शब्द तेव्हापासून आमच्यात रुळला. "काय बाई, पाहुणा आला का?" असं मी अधूनमधून विचारायचो आणि त्या "दिसला नाई" म्हणायच्या.

आता रीत. नळीतून जी नोंद गोळा व्हायची ती हे लोक पाहतच नसत. म्हणजे बाकीची पाहायचे, पण जिथं पाहुण्याच्या रेघा असू शकतील तेवढा भाग संगणकात बंद करून ठेवायचे. त्याला ते पेटी म्हणत. आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं की खरी रेघ कशी ओळखायची, आणि नकली रेघा किती निघतील. ते कागदावर पक्कं झालं, सगळ्यांनी मान डोलावली, की मगच पेटी उघडायची. आधी उघडली तर माणूस आपल्याला हवं ते पाहतो. मला हे पटायला वेळ लागला नाही. आमच्या वसाहतीत अर्ध्या घरांचे बाप कारखान्यात काय बनवतात ते घरी सांगत नसत, त्यामुळे बंद पेटीचं मला वावडं नाही. परत आल्यावरही बाई संगणकावरून या प्रयोगात काम करत होत्या, आणि त्यांच्याकडे नकली रेघांचं काम होतं. जगभरच्या त्या मोठ्या गटात, चंद्रपूरच्या गल्लीतल्या दोन खोल्यांमध्ये, कूलरच्या घरघरीत बसून ही बाई वर्षानुवर्षं एवढंच शोधत होती की आपल्याला फसवू शकेल असं काय काय आहे. ती नळी ज्यात होती तो सगळा भुयारी हॉल तिनं संगणकात उभा केला होता. भिंती, खांब, चुंबकं, नळ्या, पंपसुद्धा. त्या हॉलमधून खोटे कण सोडून ती पाहायची की कुठून काय नळीत घुसतं. तिचं शेवटचं उत्तर असं की नकली रेघ एकही निघू नये.

पेटी उघडली त्या दुपारी मी त्यांच्याकडेच होतो. आमच्याकडची दुपार म्हणजे तिकडची सकाळ. बाहेर ऊन असं की गल्लीतली कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसलेली. संगणकाच्या पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं. कुणीतरी काहीतरी बोललं. बाईंनी पदर तोंडाशी धरला.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"तीन," त्या म्हणाल्या.

पेटीत तीन वेळा, रिकाम्या नळीच्या पोटातून, दोन दोन रेघा निघालेल्या होत्या. बाईंनी उठून चहा टाकला आणि साखर टाकायला विसरल्या. मी तो तसाच प्यायलो आणि बरोबर आहे म्हणालो.

पुढचं सगळं रीतसर चाललं असतं. महिनोन्महिने तपासणी, मग छापणं. पण पुढच्या बैठकांसाठी बाईंना दुपारचे तास बदलून हवे होते. त्यासाठी प्राचार्यांना कारण सांगावं लागलं, आणि प्राचार्यांना अभिमान आवरला नाही. दोन दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आणि मोठा मथळा: अदृश्य कण सापडला, चंद्रपूरच्या प्राध्यापिकेची कामगिरी. बाईंनी तो पेपर उलटा घडी करून टेबलावर ठेवला. परदेशातून फोन आले ते काही अभिनंदनाचे नव्हते.

पण खरी अडचण पुढेच होती. पेपर गावात पोचला. बाईंचे थोरले भाऊ, मंगरूभाऊ, गावातले वजनदार गृहस्थ. लहानपणी बाईंना सायकलच्या दांडीवर बसवून त्यांनीच आश्रमशाळेत पोचवलं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा मी समोर होतो. बाई म्हणत होत्या, "भाऊ, सत्कार नोको. अजून पक्कं नाई." पलीकडून मंगरूभाऊंचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता, "बोर्ड छापला, ढोलवाल्याईले सांगतलं, घरोघरचे तांदूळ जमा झाले. आता काऊन नाई म्हणतेस?" बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "चला पिंपळकर सर. एकटी गेली तर मी काई तरी बोलून बसीन."

आलापल्लीपर्यंत एस.टी. आणि तिथून गावानं पाठवलेली जीप. साग पानं गाळून बसला होता आणि खाली सगळीकडे पानांचा खच. गावाच्या तोंडाशी बांबूची कमान, आंब्याचे डहाळे, ढोल, हात धरून रेला नाचणाऱ्या मुली, आणि कमानीवर दोन पुरुष उंचीचा फ्लेक्स. त्यावर बाई. बाईंच्या चंद्रपूरच्या घरात एक फोटो होता, प्रयोगशाळेतल्या त्याच हॉलमधला. यंत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या गटानं मिळून काढलेला. मंगरूभाऊंच्या मुलानं तो मोबाईलवर टिपून नेला होता. फ्लेक्सवाल्यानं बाकीची सगळी गोरी मंडळी कापून टाकली होती आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेल्या बाईंना तेवढं फुगवलं होतं. वर लिहिलं होतं, आपल्या गावची लेक, जगात एक.

बाई जीपमधून उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि फ्लेक्ससमोर थांबल्या. ढोल वाजत होते, एक म्हातारी त्यांच्या कपाळाला हळद लावायला आली होती, मंगरूभाऊ "जोहार, जोहार" म्हणत हार घेऊन उभे होते. बाई हलेनात. मला वाटलं भरून आलं असेल, आणि माझेही डोळे ओले झाले. मग त्यांनी पर्समधून फोन काढला आणि फ्लेक्सचा फोटो घेतला. स्वतःच्या चेहऱ्याचा नाही. खाली, कोपराच्या मागे, जिथं काहीतरी करड्या रंगाचं रचून ठेवलेलं दिसत होतं, त्या कोपऱ्याचा. हळदीचा हात कपाळावर फिरत होता आणि बाई त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या.

सत्कार झाला. मुलचेऱ्याच्या बाजूच्या बंगाली वस्तीतल्या एका दुकानदारानं डबाभर रसगुल्ले पाठवले होते, ते वाटले गेले. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "तुमी मले शिकवलं, तुमचे उपकार आहेत. बाकी मले अजून पाहा लागते." लोकांना वाटलं, बाई लाजतात. परतीच्या वाटेवर आम्ही आलापल्लीच्या स्टँडवर थांबलो. तिथं बाकावर बसल्यावर त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

"हे काय दिसते तुमाले?"

"विटा."

"शिशाच्या विटा आहेत. लय जड. कोनी तरी कायले तरी आणल्या असतीन, अन् लागतीन म्हणून भिंतीपाशी रचून ठेवल्या. अशा विटा तिथी कोनी फेकत नाई." त्यांनी फोन खाली घेतला. "माया हॉलमधी ह्या विटा नाईत."

त्यांचा हॉल म्हणजे संगणकातला. हॉलच्या नकाशावरून त्यांनी तो उभा केला होता आणि नकाशात विटा कुठून असणार? नकाशा काढणाऱ्यानं भिंती काढल्या, खांब काढले. कुणीतरी सोयीसाठी रचून ठेवलेली थप्पी नकाशात कधीच नसते. पण कणांना ती थप्पी दिसते. लोखंडाच्या भिंतीला वळसा घालून बाजूनं निसटणारे काही दांडगे कण असतात. ते त्या शिशावर आपटले तर त्यातून दुसरे उडतात, ते नळीत शिरतात, आणि आत जाऊन फुटतात. एका बिंदूतून दोन रेघा. हुबेहूब पाहुणा.

"पण फोटो तर किती वर्षं तुमच्या भिंतीवर आहे," मी म्हणालो.

"तोच तर. बोटाएवढ्या फोटोत मी चेहरे पाह्यले. भाऊनं मले एवढी मोठी केली, तवा त्या विटा मोठ्या झाल्या." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "जल्मभर सगळ्याईच्या मागं पाह्यलं, सर. माया मागं नाई पाह्यलं."

पुढचे दिवस वाईट होते. बाईंनी गटाला कळवलं. मुंबईच्या संस्थेतले त्यांचे जुने सहकारी फोनवर चिडले. जगातला कुठला तरी दुसरा गट तसंच काहीतरी शोधत होता, यांना आधी छापायचं होतं, आणि ही बाई गावातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवून सगळ्यांना थांबवत होती. एकानं तर विचारलं म्हणे, की विटा फोटोपुरत्या असतील, यंत्र सुरू होण्याआधी कुणी उचलल्या नसतील कशावरून? बाईंनी उलट सगळ्यांनाच विनंती केली की यंत्र सुरू झाल्यानंतरचे आपापले फोटो शोधा. लोकांनी शोधले. वाढदिवसाचे, केक कापतानाचे, पंप दुरुस्त करतानाचे. सगळ्यांत विटा होत्या. एका फोटोत तर एक जण त्यांच्यावर बसून डबा खात होता. मग बाईंनी त्या विटा आपल्या हॉलमध्ये ठेवल्या, एकेक करून, जशा होत्या तशा, आणि पुन्हा खोटे कण सोडायला सुरुवात केली. उत्तर यायला बरेच आठवडे लागले.

ते आलं त्या दिवशी बाई ओट्यापाशी उभ्या राहून अंबाडी निवडत होत्या. मी दारातूनच विचारलं आणि त्यांनी मान हलवली. विटा धरल्या तर तशा दोन दोन रेघा तीन वेळा अगदी सहज निघत होत्या.

"म्हणजे पाहुणा नव्हता," मी म्हणालो.

"दिसला नाई," बाई म्हणाल्या. मग पानं बाजूला सारून खुर्चीवर बसल्या. "लय वाईट वाटलं सर, खोटं काऊन बोलू. मले वाटलं होतं, आता भेटला. रोज रात्री झोपताना वाटे." आणि त्या रडल्या. मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही. मी अंबाडी निवडत बसलो.

गटापुढे मान्य करणं सोपं होतं, तिथं सगळे याच रीतीचे. वर्तमानपत्रात चार ओळींचा खुलासा आला, तो कुणी वाचला नसेल. कॉलेजात दोन-चार दिवस कुजबुज झाली. एका सहकाऱ्यानं माझ्यासमोरच "वीट पडली म्हणे पाहुण्यावर" असा विनोद केला, त्याच्याशी मी नंतर बरेच दिवस बोललो नाही. पण गाव राहिलं होतं. फोनवर सांगून चालणार नाही असं बाईंचं म्हणणं. आम्ही पुन्हा गेलो. कमानीचे डहाळे वाळले होते, पण फ्लेक्स तसाच होता.

मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. बाईंनी खुर्ची घेतली नाही, सगळ्यांसारख्या खाली बसल्या. आणि अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत, न अडखळता सगळं सांगितलं. भिंत, नळी, विटा. मी चेहरे पाहत होतो. या लोकांनी तांदूळ जमवले होते, पाहुण्यारावळ्यांना सांगितलं होतं. मंगरूभाऊ तर मुलचेऱ्याच्या बाजारापर्यंत बहिणीचं नाव घेऊन आले होते. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले होते.

एक म्हातारी म्हणाली, "मंग त्या विटा कोनं ठेवल्या?"

"माहीत नाई, आजी."

"त्याले पकडा ना."

लोक हसले, बाईही हसल्या. मंगरूभाऊ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ह्या विटा आणखी कोनाच्या ध्यानात आल्या होत्या का?"

"नाई."

"तू नसतं सांगतलं त कोनाले समजलं असतं का?"

"आज नसतं समजलं. कधी तरी समजलं असतं, भाऊ. नसतं बी समजलं."

मंगरूभाऊ उठले. मला वाटलं, निघून चालले. ते कमानीपाशी गेले, मुलाला हाक मारली आणि दोघांनी मिळून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. बाई म्हणाल्या, "भाऊ, राहू द्या ना, पावसात आपोआप जाईन." भाऊ म्हणाले, "बोर्ड खोटा आहे. खोटा बोर्ड गावाच्या तोंडावर कायले पाह्यजे?" त्यांनी फ्लेक्सची व्यवस्थित घडी केली. मग बहिणीजवळ येऊन उभे राहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. आधी सत्काराच्या दिवशी त्यांनी तिला हार घातला होता, पण हात ठेवला नव्हता.

प्रयोगशाळेत विटा उचलल्या गेल्या. हॉल झाडून पुसून लख्ख केला, आता आत काय काय आहे याचे फोटो काढून ठेवायचा नवा नियम झाला, आणि पुन्हा सगळी नोंद गोळा करायला सुरुवात झाली. पेटी पुन्हा बंद. दरम्यान बाईंची यायो वारली. बाई निवृत्त झाल्या आणि गावी राहायला गेल्या. काम चालूच होतं. गावात नेटवर्क फक्त शाळेच्या व्हरांड्यात यायचं, तर शाळा सुटल्यावर त्या लॅपटॉप घेऊन तिथं बसायच्या.

दुसऱ्यांदा पेटी उघडायची होती तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. मी आदल्या दिवशीच गेलो. फ्लेक्स आता मंगरूभाऊंच्या बकऱ्यांच्या गोठ्यावर होता, छापील बाजू आत करून. खाली वाकून पाहिलं तर छताला पिवळ्या हेल्मेटातल्या बाई आणि त्यांच्याकडे मान वर करून रवंथ करणाऱ्या बकऱ्या. "माया वर्ग," बाई म्हणाल्या, "हजेरी पूर्ण राह्यते."

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही तिघं बसलो, बाई, मंगरूभाऊ आणि मी. नेहमीप्रमाणे बाईंनी आधी विचारलं, "सांगा. आधी सांगा, मंग पाहू."

"असन," मंगरूभाऊ एकदम म्हणाले. एवढा खर्च करून लोकांनी हॉल झाडला, तर पाहुण्यानं यायला नको का, असा त्यांचा हिशेब. मीही असेल म्हणालो. बाईंनी स्वतःचं सांगितलं नाही. आज मला वाटतं, त्यांनीही मनातल्या मनात तेच म्हटलं असावं.

पडद्यावर कुणीतरी बोललं. मग हसणं, टाळ्या. बाईंनी लॅपटॉप हळूच मिटला.

"रिकामी," त्या म्हणाल्या. "एक बी रेघ नाई."

मंगरूभाऊ म्हणाले, "मंग टाळ्या कायच्या वाजवून राह्यले ते?"

"पेटी खरंच रिकामी आहे, हे आता माहीत झालं ना भाऊ. एवढ्या जागेत तो दिसला नाई. आता दुसऱ्या जागी पाहतीन." त्यांचा चेहरा मी बारकाईनं पाहिला. अंबाडी निवडतानाचा तो चेहरा नव्हता. दुःख होतं का? थोडं होतं. पण घरभर झाडून झाल्यावर बाईमाणूस उंबऱ्यावर येऊन बसतं तशा त्या व्हरांड्यात बसल्या होत्या, आणि त्यांना पाहून मलाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी निघालो. गाडी आता गावात हातपंपापर्यंत येते आणि तिथून मागे घेऊन वळवावी लागते. जागा अरुंद, एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला लाकडांची रास, आणि मधे पोरं, कोंबड्या, बकऱ्या. कंडक्टर तिकिटं फाडत होता. मी खिडकीशी बसलो. बाई खाली उभ्या होत्या. मला वाटलं काही बोलतील, पण त्यांचं लक्ष ड्रायव्हरकडे होतं. त्यानं मागचा गिअर टाकताच त्या सवयीनं गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या. पूर्ण वळसा घालून, रासेमागे, कुंपणापाशी त्या पाहत असणार. मग पत्र्यावर त्यांच्या हाताची थाप पडली.

"येऊ द्या," मागून आवाज आला. "येऊ द्या. मागं काई नाई."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे असं, सरळसोट 'काई नाई', मी कधी ऐकलं नव्हतं. गाडी मागे आली, वळली आणि सागाच्या रस्त्याला लागली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून वळून पाहिलं. धूळ फार उडाली होती. हातपंप दिसला, गोठ्यावरचा तो पांढरा फ्लेक्स दिसला. बाई दिसल्या नाहीत.